‘ग्रेव्ह गुड्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडमधील सटन हू येथील अँग्लो-सॅक्सन (रोमन काळानंतर इंग्लंडमध्ये वसलेल्या जर्मानिक लोकांच्या) दफनाविषयी मराठीत लिहिताना ‘ग्रेव्ह गुड्स’, म्हणजे मृतासोबत पुरलेल्या वस्तू, या संज्ञेपाशी अडलो आहे. ‘थडग्यातील खजिना’, ‘कबरीतील ऐवज’ आणि ‘दफनवस्तू’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

प्रतिसाद : ‘दफनवस्तू’ हाच घ्यावा. ‘खजिना’ किंवा ‘गुप्तधन’ म्हटले की पुढेमागे काढून घेण्यासाठी दडवून ठेवलेले धन आपल्या डोळ्यांपुढे येते. मृतासोबत ठेवलेल्या वस्तू मात्र परत घ्यायच्या नसतात, त्या कायमच्या दिलेल्या असतात. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे सटन हूच्याच उदाहरणावरून दिसते. सफक परगण्यात डेबेन नदीकाठच्या उंचवट्यावर ईडिथ प्रिटी यांच्या मालकीच्या जमिनीत दफनटेकाडे होती. १९३९ साली बॅझिल ब्राउन यांनी त्यांतील सर्वांत मोठे टेकाड खणले, तेव्हा सुमारे २७ मीटर लांबीच्या नौकेचा ठसा सापडला. आम्लधर्मी वाळूत लाकूड नाहीसे झाले होते आणि लोखंडी रिव्हेट तेवढे आपापल्या जागी ओळीने उरले होते. मधल्या कक्षात शिरस्त्राण, तलवार, ४०० ग्रॅमहून जड सोन्याचे बक्कल, बायझंटाइन सम्राट अनास्तासियसच्या मुद्रा असलेले चांदीचे मोठे तबक आणि ३७ सोन्याची नाणी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉरोनरपुढे (संशयास्पद मृत्यू आणि सापडलेले धन यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) चौकशी झाली. सोने-चांदी परत घेण्याच्या हेतूने दडवलेले असेल तर ते राजसत्तेचे, अशी तेथील कायद्याची धारणा होती. परंतु एवढी नौका नदीवरून ओढून आणून, वर टेकाड रचून केलेला विधी उघडपणे, लोकांसमक्ष झाला असणार, म्हणून त्या वस्तू दडवलेल्या नव्हेत, असा निर्णय ज्यूरीने दिला. त्यामुळे सारा ऐवज जमिनीच्या मालकीणबाईंचा ठरला आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला दान केला. ज्या शब्दावर मालकी ठरली, तोच आपण ढिलाईने वापरणे बरे नाही. याउलट, इंग्लंडच्याच स्टॅफर्डशायर परगण्यात २००९ साली सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याला ‘निधी’ म्हणावे, कारण तिथे दफन नाही.

‘कबर’ आणि ‘थडगे’ हे शब्दही जपून वापरावेत. कबर म्हटले की वाचकाच्या मनात मुस्लिम वा ख्रिस्ती दफन उभे राहते, आणि थडगे म्हणजे मुख्यतः वरचे बांधकाम. सहाव्या-सातव्या शतकातील, ख्रिस्ती धर्म रुजण्यापूर्वीच्या परंपरेतल्या दफनासाठी ‘दफन’, ‘दफनखड्डा’, ‘दफनकक्ष’ हे शब्द अधिक नेमके आहेत. टेकाडाला ‘पांढरीचे टेकाड’ मात्र कधीही म्हणू नये. ती उजाड वस्तीची खूण आहे.

प्रश्न : परलोकाच्या प्रवासासाठी दिलेल्या वस्तू म्हणून ‘शिदोरी’ हा शब्द चालेल का? तो अस्सल मराठी आहे आणि चटकन कळतो.

प्रतिसाद : शब्द सुंदर आहे, तरीही तो टाळावा. ‘शिदोरी’मध्ये प्रवास गृहीत आहे, आणि त्या लोकांची तशी श्रद्धा होती की नाही, हे शब्दानेच ठरवून टाकल्यासारखे होईल. वस्तू ठेवण्यामागे मृताचा दर्जा दाखवणे, वारसांनी आपली ऐपत मिरवणे किंवा नुसती माया असणे, अशी अनेक कारणे संभवतात. संज्ञेने यांपैकी कोणाचीही बाजू घेऊ नये.

आणखी एक भेद लिहिताना पाळावा. अँग्लो-सॅक्सन स्त्रियांच्या दफनांत खांद्यांपाशी ब्रूचची जोडी आणि त्यांच्यामध्ये मण्यांच्या माळा सापडतात. ती वस्त्रे अडकवण्याची साधने होती, म्हणजे ती ‘अंगावरची’ ठरतात. पुरुषाशेजारी ठेवलेला भाला किंवा पायांशी ठेवलेले भांडे हे ‘सोबत ठेवलेले’. दोन्हींना दफनवस्तू म्हणता येते, पण वर्णनात हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवले तर वाचकाला बरेच काही न सांगता कळते. दहन करून अस्थी कुंभात पुरल्या असतील, तेव्हा देहाबरोबर जळालेल्या वस्तूंना ‘चितावस्तू’ आणि नंतर कुंभात टाकलेल्या फणी-चिमट्यासारख्या वस्तूंना ‘दफनवस्तू’ म्हणावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : आणि घोडा? त्यालाही वस्तू म्हणायचे?

प्रतिसाद : नाही. सटन हूच्या सतराव्या टेकाडाखाली एका तरुणाचे दफन १९९१ साली उघडले गेले. त्याचा घोडा शेजारच्या स्वतंत्र खड्ड्यात होता, तर लगाम तरुणाच्या दफनात ठेवलेला होता. लगाम ही दफनवस्तू आहे, पण घोड्यासाठी ‘अश्वदफन’ असेच लिहावे. विदर्भातील माहूरझरीच्या शिळावर्तुळांतही (दगडांच्या वर्तुळाने वेढलेल्या प्राचीन दफनांतही) घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत, तेव्हा मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही.