१४२८५७ : वर्गातून परत येणारी संख्या
१४२८५७ ला २ ते ६ पैकी कोणत्याही अंकाने गुणले असता तेच अंक चक्राकार क्रमाने येतात, हा तिचा चक्रीय गुणधर्म प्रसिद्ध आहे. मात्र देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्येही, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्याच परत येते अशा संख्यांमध्येही, तिचा समावेश होतो, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७ मिळतात. हा योगायोग नाही. १४२८५७ × ७ = ९९९९९९ आणि १४२८५६ = ७ × २०४०८ असल्यामुळे १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार नेमका २०४०८ × ९९९९९९ इतका होतो, आणि त्यात १४२८५७ मिळवले की वर्ग तयार होतो. म्हणजेच वर्ग = २०४०८ × १०००००० + (१४२८५७ − २०४०८), आणि कंसातली १२२४४९ ही संख्या म्हणजेच वर्गाचा दुसरा भाग; म्हणून दोन्ही भागांची बेरीज १४२८५७ येते. मला ही सिद्धता चक्रीय गुणधर्माहूनही सुंदर वाटते.