मदत हवी आहे : शहापूरची भाजी, मुलुंडच्या सोसायट्या

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहतो, आजोळ शहापूर तालुक्यात. तिथली 7 घरं प्रत्येकी 5 गुंठ्यांवर मेथी, पालक, मुळा, भेंडी करतात. गावात वर्षभर हाताला काम मिळालं तर पोरं भिवंडीच्या गोदामांकडे कशाला जातील, असं मामा म्हणतो. सध्या मी दर रविवारी आसनगावहून लोकलच्या मालडब्यातून मुलुंडच्या सोसायट्यांसाठी भाजीच्या 16 पिशव्या आणतो. (गर्दीत पालक जिवंत पोचवणं हीसुद्धा एक कलाच आहे.)

मुख्य अडचण पाण्याची. भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यातच, पण ते पाणी आमच्या मुंबईच्या नळाला, आणि एप्रिल-मेमध्ये मामाची विहीर कोरडी. ठिबक घातलंय, गवताचं आच्छादनही टाकतो, तरी पुरत नाही. शेततळं एवढ्या छोट्या गटाला परवडतं का? कोणी केलंय?

पावसाळ्यात उलटंच, मेथी कुजते. गादीवाफे (पाणी साचू नये म्हणून केलेले उंच वाफे) करून बघावेत, की त्या दिवसांत सरळ टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्याच पिशवीत द्याव्यात? मला दुसरं पटतं, पण गिऱ्हाईक टिकेल का?

2016 पासून फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहेत, त्यामुळे थेट विकायला हरकत नाही. शेतकऱ्यांच्याच मालकीची उत्पादक कंपनी काढायला मात्र किमान 10 शेतकरी लागतात. तोवर साधा शेतकरी गट नोंदवावा का? आणि महिन्याचे पैसे आगाऊ मागितले, तर सोसायटीतले काका-काकू देतात का हो?