राष्ट्रभाषा, राजभाषा आणि ‘शिक्षा’

प्रश्न : लेकीला वादविवादासाठी विषय आलाय, ‘संस्कृत राष्ट्रभाषा व्हावी का?’ तिच्या टिपणातलं पहिलंच वाक्य, ‘सध्या हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे.’ मी ते खोडलं. ‘मग राजभाषा म्हणजे काय?’ या तिच्या प्रश्नावर मात्र माझी दांडी उडाली. राज्यभाषा असाही शब्द ऐकलाय. कुठे कोणता वापरायचा?

प्रतिसाद : खोडलंत ते बरोबरच. घटनेने राष्ट्रभाषा हा किताब कुठल्याच भाषेला दिलेला नाही. अनुच्छेद ३४३ हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतो, म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा. यातला ‘राज’ राजाचा नव्हे, राजपत्र आणि राजदूत यांतला. राज्यभाषा बोलताना चालून जातं, पण आपला कायदाही ‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४’ असाच आहे. म्हणूनच १ मे हा मराठी राजभाषा दिन. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी राजभाषा दिनाच्या शुभेच्छांचा जो पूर येतो, तो दोन महिने लवकर येतो.

दुसरा प्रतिसाद : ‘राष्ट्र’ शब्दाचीही गंमत आहे. जुन्या अर्थाने राष्ट्र म्हणजे राज्य, मुलूख. सौराष्ट्र, महाराष्ट्र ही नावं त्यातलीच. त्या हिशेबाने मराठी कधीचीच राष्ट्रभाषा! संस्कृत पंडित दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या प्राकृताला सगळ्या प्राकृतांत उत्तम म्हटलंय. (हे वादविवादात नको, परीक्षक वैतागतील.)

प्रश्न : संस्कृतचा प्रस्ताव खरंच आला होता का?

प्रतिसाद : आला होता. सप्टेंबर १९४९मध्ये संविधान सभेत लक्ष्मीकांत मैत्र यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांचाही तिला पाठिंबा असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. नजीरुद्दीन अहमद यांचा युक्तिवाद मला सगळ्यांत आवडतो : संस्कृत सगळ्यांनाच सारखी अवघड, त्यामुळे कुणावर अन्याय नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, सुरुवातीला असलेल्या १४ भाषांत मात्र संस्कृत पहिल्यापासून आहे. आता त्या यादीत २२ भाषा आहेत. २०११च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे भरले २४,८२१.

तिसरा प्रतिसाद : आकडा सोडा हो. मातृभाषा कुणाचीच नाही, हाच तर तिचा फायदा! शब्द सगळ्यांच्या ओळखीचे, मग शिकायला किती वेळ लागणार?

प्रतिसाद : शब्द ओळखीचे, अर्थ नव्हेत. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, आपल्याकडे छड्या. हिंदीवाला चेष्टा करतो म्हणजे प्रयत्न करतो. त्याचं यातायात म्हणजे रहदारी, आपली यातायात म्हणजे पायपीट आणि दगदग. आपला प्रपंच चूल-मूल-हप्ते. हिंदीत त्याला लबाडीचा वास, तेलुगूत तो अख्खं जग. उपन्यास हिंदी आणि बंगालीत कादंबरी, कन्नड-तेलुगूत व्याख्यान. आणि आपण कादंबरी म्हणतो ते बाणभट्टाच्या नायिकेचं नाव! एकाच आजीची नातवंडं खरी, पण प्रत्येकाने तिच्या पेटीतली वस्तू नेऊन वेगळ्याच कामाला लावलीय. पाठ्यपुस्तकातली संस्कृत शिकताना आधी हे ‘आपले’ अर्थ विसरावे लागतात. माझा मुलगा ‘संसारः’ दिसला की अजून स्वयंपाकघरच समजतो.

तिसरा प्रतिसाद : तरी नवे शब्द घडवायला आपण तिच्याच दारात जातो ना? रघुनाथपंतांचा राज्यव्यवहारकोश घ्या. शिवाजी महाराजांनी फारसीला पर्यायी शब्द करवून घेतले ते संस्कृतातूनच. घटनेचा अनुच्छेद ३५१सुद्धा हिंदीने शब्द घेताना मुख्यतः संस्कृतकडे वळावं असंच सांगतो.

प्रतिसाद : टांकसाळ म्हणून मलाही ती हवीच आहे. पण त्या कोशाने शब्द बदलले, कारभाराची भाषा मराठीच राहिली. आणि त्यातले किती टिकले ते पाहा. ‘अमात्य’ इतिहासाच्या पुस्तकात गेला, ‘किल्ला’ आणि ‘फौज’ आपल्या तोंडी राहिले.

प्रश्न : लेकीला बाजूने बोलायचंय. ‘सारखीच अवघड’ हा मुद्दा घेऊ दे का?

प्रतिसाद : घेऊ दे, पण समोर तमिळ घरातलं कुणी असेल तर जपून. क, ख, ग, घ या चारही अक्षरांना तमिळ लिपीत एकच अक्षर आहे. आपल्याकडे लिपी तीच, निम्मे शब्द तेच, आणि विभक्तीचे तक्ते शाळेत मराठीच्या तासालाच पाठ होतात. ‘सारखीच’ हा शब्द तेवढा तिने खोडावा.