क्लेमेंतेचं ‘रोबेर्तो’ असणं

असं म्हणतात की व्यावसायिक खेळाडूची आयुष्यदृष्टी करारातल्या आकड्यावर संपते. मला हे पटत नाही, कारण बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते.

पोर्तो रिकोच्या कॅरोलिना गावचा हा मुलगा १९५५ ते १९७२ पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाकडून खेळला. अमेरिकन समालोचक आणि खेळाडूंची फोटोकार्डं छापणारे त्याला ‘बॉब’ करून टाकायचे. तो मात्र आपलं नाव रोबेर्तोच आहे, हे सांगत राहिला. १९७१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकल्यावर टीव्हीवर माइक समोर आला, तेव्हा तो इंग्रजीच्या आधी स्पॅनिशमध्ये बोलला आणि आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. सातही सामन्यांत हिट मारणारा (म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणारा), मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, आणि पहिले शब्द घरच्यांसाठी! हा प्रसंग आठवला की मला अजून भरून येतं.

३० सप्टेंबर १९७२ला त्याची ३०००वी हिट झाली. डिसेंबरात निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही, मधेच गडप होते, असं कळल्यावर तो स्वतःच सामानाच्या विमानात बसला. आपण सोबत असलो तर ती वाटेत कुणी लाटणार नाही, एवढा साधा हिशोब. ३१ डिसेंबरच्या रात्री उड्डाणानंतर लगेच विमान समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेह मिळालाच नाही.

बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने, खेळ थांबल्यावर पाच वर्षं वाट पाहायची अट बाजूला ठेवून, १९७३मध्येच त्याला घेतलं. त्याच्या हिट्स ३०००वरच थांबल्या.