"घाबरू नका" म्हटलं की पेशंट अजूनच घाबरतात, काय बोलायचं?

सिस्टर_चोपडा:
चोपड्याकडे एका छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. परवा रात्री केळीला पाणी द्यायला गेलेल्या पोराला साप चावला, सोबत पंधरा माणसं. मी सारखी म्हणतेय काही होत नाही, घाबरू नका, आणि त्याची आई अजूनच रडतेय, म्हणे तुम्ही खोटं बोलताय. खूप लागलं मनाला. माझं काय चुकलं?

डॉक्टर_शहादा:
सिस्टर, "काही होत नाही" हे आपल्यालाच माहीत नसतं आणि ते त्यांना बरोब्बर कळतं. आधी विचारायचं, कशाची भीती वाटते? कधी सापापेक्षा धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवतील याचीच धास्ती असते. मग आपण काय करतोय ते सांगायचं, की रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवलंय, गोठलं नाही तर विष रक्तात उतरलंय, मग सलाईनमधून औषध सुरू करू. गोठलं तरी लगेच सुटलो म्हणायचं नाही, ही तपासणी परत करावी लागते, आणि नाग-मण्यारचं विष त्यात दिसत नाही. म्हणून आईलाच काम द्या, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलणं अडखळलं, की लगेच हाक मारा. हातात काम आलं की रडणं कमी होतं, मी खूपदा पाहिलंय. आणि पुन्हा किती वाजता येणार ते सांगा, त्या वेळेला जाच.

आशाताई_यावल:
आमच्याकडे बाया मराठीत नुसतं हो हो करतात. अहिराणीत "काय हुयनं व माय?" विचारलं की सगळं बाहेर येतं. पाड्यावरची बाई असेल तर पावरी बोलणारी आशा सोबत घ्या. आणि समजलं का विचारू नका, घरी सासूला काय सांगशील ते विचारा, मग कळतं किती पोचलं.

धुळेकर:
पेशंटचा मुलगा म्हणून सांगतो, वडील आयसीयूत होते तेव्हा एक सिस्टर स्टूल ओढून दोनच मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या आज रात्र अवघड आहे, मी सकाळपर्यंत इथंच आहे. बातमी वाईटच होती पण त्या रात्री मला तेवढाच आधार वाटला.

सिस्टर_चोपडा:
नळीचं तर मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं सर, ती माऊली 20 मिनिटं नुसती त्या नळीकडे बघत बसली होती. पोरगा वाचला, उद्या सुट्टी आहे त्याला. जाऊन बसते तिच्याजवळ.