एंडोस्टॅटिन दडपलं वगैरे काही नाही

कुणीतरी विचारलंय, उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी विरघळवणारं एंडोस्टॅटिन (गाठींना रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं प्रथिन) नंतर गेलं कुठे, कंपन्यांनी दडपलं का? छे हो. १९९७ साली अमेरिकी कर्करोग संशोधक ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, १९९८ला वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र गाठी फारशा हलल्या नाहीत. चीनने २००५मध्ये त्याचंच सुधारित रूप फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर केलं, तेही केमोच्या जोडीला.

मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. एंडोस्टॅटिन म्हणजे कोलॅजन १८ या शरीरातल्या मोठ्या प्रथिनाचा तुटलेला तुकडा, आणि त्या कोलॅजनचं जनुक २१व्या गुणसूत्रावर. डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र जास्तीचं, रक्तात एंडोस्टॅटिनही जास्त, आणि घन गाठींचे कर्करोग बरेच कमी! अर्थात, श्रेय एकट्या एंडोस्टॅटिनचं नसावं. त्याच गुणसूत्रावर रक्तवाहिन्यांना आवर घालणारी इतर जनुकंही आहेत.