वाइडबँड ईसीयूला ॲनालॉगने जोडणं आता पुरे करा

टॉर्कराव
ट्रॅकसाठी बांधलेल्या जुन्या एस्टीममधून, सिटी व्हीटेकमधून मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून बाहेरचा बसवणारे वाढलेत. छान आहे. पण इंजेक्टरवर, टर्बोवर पैसे ओतायचे आणि वाइडबँडची (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिश्रण सांगणाऱ्या सेन्सरची) वायर मात्र हाताला लागेल तिथे पिळून टेप गुंडाळायची, हे काही कमी होत नाही. माझं मत: ईसीयूत कॅन (दोन वायरींवरून आकडे मेसेजमध्ये पाठवणारी लाइन) असेल तर वाइडबँड कॅनवरच घ्या. ० ते ५ व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल विसरा.

एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर साधारण ७८० अंशांवर काम करतो. सेन्सर चालवणारा कंट्रोलर त्याचा हीटर सतत चालू-बंद करत असतो, आणि हीटरचा करंट कंट्रोलरच्या अर्थच्या वायरीतून परत जातो. वायर बारीक आणि बॉडीवरचा जोड गंजका असला की तिथे ०.१ व्होल्ट सहज पडतो. कंट्रोलर सिग्नल देतो स्वतःच्या अर्थवरून, ईसीयू मोजतो त्याच्या अर्थवरून. मधला फरक थेट रीडिंगमध्ये शिरतो. ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८ एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) अशी स्केल असेल तर ०.१ व्होल्ट म्हणजे जवळजवळ पाव एएफआर. हा फरक कायम तेवढाच असता तर कॅलिब्रेशनमध्ये वजा केला असता. तो हीटरबरोबर हलतो, वजा काय करणार? कॅनवरून आकडा जातो, व्होल्टेज नाही. विषय संपला.

मिस्त्री_सांगली
कसला संपतोय रावसाहेब! गचाळ अर्थिंगचा दोष तुम्ही ॲनालॉगच्या गळ्यात मारताय. कंट्रोलरची आणि ईसीयूची अर्थ जाड वायरीने इंजिनवर एकाच जागी घ्या, फरक उरतो किती ते बघा. एईएम कंपनीच्या एक्स-सिरीज कंट्रोलरला सिग्नलसाठी पांढरी आणि तपकिरी अशा दोन वायरी दिल्यात. तपकिरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला (फक्त सेन्सरांसाठीच्या अर्थला) जायला हवी. आपले लोक ती कापून मोकळे होतात, का तर ‘अर्थ काळ्या वायरीने केलीय की’.

आणि कॅन म्हणजे काय कामधेनू आहे का? एक ५०० केबीपीएसच्या वेगाने बोलतोय, दुसरा १ एमबीपीएसवर ऐकतोय, आणि मालक म्हणतो सेन्सर गेला. दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात, गाडी बंद करून मोजलं की ६० दिसले पाहिजेत, हे किती जणांनी तपासलंय? शिवाय आर्डुइनो मेगा २५६० बोर्डवरच्या स्पीडुइनोच्या (ओपन-सोर्स ईसीयूच्या) चिपमध्ये कॅन नाहीच. त्याने काय करायचं?

बूस्टभाऊ
सोपा उपाय आहे ना. कंट्रोलरची सगळी अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवरच द्यायची. दोघांचा संदर्भ एक, भांडण मिटलं.

ओहम_शांती
बूस्टभाऊ, नका करू हे. हीटरचा करंट सेन्सर ग्राउंडमधून गेला की थ्रॉटल आणि कूलंट टेम्परेचरची रीडिंगही हलायला लागतील. तिथे फक्त सिग्नलची अर्थ.

बाकी दोघं पाव एएफआरवरून भांडताय, पण चूक कुठल्या बाजूला होते ते बोलतच नाही. कंट्रोलरची अर्थ वर उचलली गेली तर ईसीयूला व्होल्टेज जास्त दिसतं, म्हणजे लीन (पेट्रोल कमी). तो पेट्रोल वाढवतो, प्लग काळे होतात, फार काही बिघडत नाही. उलट इंजेक्टर-कॉइलच्या करंटने ईसीयूचीच अर्थ उचलली गेली तर त्याला इंजिन रिच (पेट्रोल जास्त) वाटतं आणि तो पेट्रोल कापतो. तेही फुल बूस्टवर, ऑटोट्यून (ईसीयूने आपोआप पेट्रोल जुळवणं) चालू असताना. तेव्हा मी ईसीयूची अर्थ आधी बघेन, कॅन की ॲनालॉग नंतर.

जिप्सीवाली
माझा कौल कॅनला, पण वेगळ्या कारणाने. ० व्होल्ट म्हणजे १० एएफआर अशी स्केल असलेले कंट्रोलर आहेत. खडबडीत रस्त्यावर सिग्नलची वायर तुटली आणि इनपुट शून्यावर आलं की ईसीयू समजतो इंजिन भयंकर रिच आहे. कॅनवर मेसेज थांबला तर तो थांबला हे ईसीयूला कळू शकतं. सेन्सर तापलाय का, फॉल्ट आहे का, हेही बरेच कंट्रोलर पाठवतात.

मिस्त्री_सांगली
ताई, मुद्दा रास्त. पण ०.५ पासून सुरू होणाऱ्या स्केलमध्ये त्याखालचं व्होल्टेज फॉल्ट म्हणून लावता येतं. आणि क्लोज्ड लूपला (सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो त्याला) पाच टक्क्यांच्या वर हात घालूच द्यायचा नाही. मॅप (पेट्रोलचा तक्ता) नीट केलेला असेल तर त्याहून जास्त लागतं कशाला?

जिप्सीवाली
‘मॅप नीट केलेला असेल तर.’ बरं.

लॅम्डा_लिमये
अवांतर: एएफआरचे आकडे सोडा हो. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतंय, त्याचा स्टॉइक (पूर्ण जळायला लागणारं एएफआर) १३.५ च्या आसपास. १४.७ वर लावलेला गेज मात्र लॅम्डा १ ला (म्हणजे नेमक्या स्टॉइकला) १४.७ च दाखवणार, कारण सेन्सरला पेट्रोल कुठलं ते कळतच नाही. ईसीयूत आणि गेजवर दोन्हीकडे लॅम्डा लावा. जाता जाता, सेन्सरआधी पाईपला चीर असेल तर कॅन काय नि ॲनालॉग काय, लीनच दिसणार.

मिस्त्री_सांगली
लिमयेकाका, अगदी. आता ज्यांची ॲनालॉग आहे त्यांनी एवढं करा. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॅन चालू. मल्टिमीटरची एक पिन कंट्रोलरच्या अर्थला, दुसरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. पाच-दहा मिलिव्होल्ट दिसले तर खुशाल ट्रॅकवर जा. गेजवरचा आकडा आणि ईसीयूच्या लॉगमधला आकडा जुळतोय का तेही बघा.

टॉर्कराव
मल्टिमीटर सरासरी दाखवतो, मिस्त्री. हीटरचे ठोके बघायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो किती गॅरेजात आहे? ६० ओहम मात्र कुठल्याही मीटरवर दिसतात. ज्यांच्या ईसीयूत कॅन नाही त्यांनी तुमचं ऐकावं. ज्यांच्यात आहे, त्यांनी दोन वायरी पिळून टोकाला रेझिस्टर लावायचा कंटाळा करू नये.